ब्राउझरवाल्यांना जाब विचारलाय का? अनुभव सांगा

ब्राउझर पाळत ठेवतो म्हणून कुरकुर सगळेच करतो. पण ती ब्राउझर बनवणाऱ्यापर्यंत पोचवली आणि काही हललं, असं कुणाच्या बाबतीत झालंय? पाहिलेल्या घटनाही चालतील. फक्त 'ब्राउझर बदला' हा सल्ला नको, तो पाठ आहे.

नाशिक: 2018 चं क्रोम 69 आठवतंय? जीमेल उघडलं की ब्राउझरमध्येही आपोआप साइन-इन. शिव्या चिक्कार पडल्या. पण बोचलं ते मॅथ्यू ग्रीन या क्रिप्टोग्राफरचं (माहिती कूटबद्ध करण्याच्या शास्त्राचा तज्ज्ञ) लिखाण: नेमकं काय बदललं, तुमच्याच धोरणात काय लिहिलंय, मेळ कुठे बसत नाही. काही दिवसांतच गूगलने जाहीर केलं की क्रोम 70 मध्ये हे बंद करायची सोय देऊ.

डोंबिवली: माझा ब्राउझर छोटा, नाव नको. अपडेटनंतर 'वापराची माहिती पाठवा' हे बंद केलेलं बटण परत चालू व्हायचं. मेलला साचेबंद उत्तर यायचं. मग कोरं प्रोफाइल, आवृत्ती क्रमांक आणि आधी-नंतरचं स्क्रीन रेकॉर्डिंग त्यांच्या उघड बग-यादीत (दोषांची सगळ्यांना दिसणारी यादी) टाकलं. दोन अनोळखी लोकांनी 'आमच्याकडेही' म्हणून दुजोरा दिला, तेव्हा कुठे एका इंजिनिअरने ते अंगावर घेतलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त! मेल एकटा वाचतो आणि दाबतो. उघड नोंद दाबता येत नाही.

पुणे: 2021 मध्ये गूगलचं 'फ्लॉक' आलं, जाहिरातींसाठी ब्राउझिंगवरून माणसांचे गट पाडणारं. ब्रेव्ह, विवाल्डी या ब्राउझरांनी नकार दिला, गिटहब या कोड ठेवायच्या साइटने आपल्या पानांवर ते रोखलं. माझ्या चिमुकल्या साइटच्या हेडरमध्ये (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनांत) मीही ते रोखणारी एक ओळ टाकली. जानेवारी 2022 मध्ये गूगलने ते सोडलं. (लगेच त्याच्या जागी 'टॉपिक्स' आणलं म्हणा!)

न्यू जर्सी: इकडे कोर्टाचाही रस्ता आहे, पण लांबचा. क्रोमच्या इन्कॉग्निटो या खासगी खिडकीवरून गूगलवर झालेला दावा 2020 चा, तडजोडीच्या अटी बाहेर आल्या एप्रिल 2024 मध्ये: जुन्या नोंदी पुसायच्या, खिडकीतली सूचना सुधारायची, पाच वर्षं तिथे थर्ड-पार्टी कुकीज (उघडलेल्या साइटव्यतिरिक्त इतरांनी माग काढायला ठेवलेल्या नोंदी) आपोआप अडवायच्या. सामूहिक दाव्यातल्या लोकांना दमडी नाही. मला तरी हे पैशांपेक्षा बरं वाटलं.

नागपूर: आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात डेटा संरक्षण बोर्डाकडे तक्रार घेऊन जाण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारणाची पायरी चढावीच लागते. म्हणून ते साचेबंद मेलही जपून ठेवा.

डोंबिवली: अरेच्चा, मी ते उडवून टाकायचो. बग-नोंदीची लिंक तक्रारीत जोडली तर चालेल ना?