अनुभव हवेत: कुणासाठी तरी धावायचं ठरवलं आणि मध्येच काहीतरी आडवं आलं

मंडळी, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे आणि यंदा मी हाफ धावतेय, २१.०९७ किमी, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, माझ्या भाच्यालाच लागतं म्हणून मला जवळून माहितीये. पैसे जमायला लागलेत, ऑफिसातले, सोसायटीतले, आमच्या इस्त्रीवाल्या काकांनीसुद्धा दिलेत, आणि नेमका गणपतीनंतर मला डेंग्यू झाला. ताप गेला पण अंगात त्राण नाही, दोन जिने चढले की धाप लागते. तुमच्यापैकी कुणाचं असं मध्येच अडलं असेल तर सविस्तर लिहा ना, तयारीचं काय केलंत, पैसे दिलेल्यांना काय सांगितलंत, सगळंच.

*

ताई, आधी बरी हो. मी पुण्याचा, माझी टाच गेली होती, प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. फिजिओने धावणं पूर्ण बंद केलं, पण रविवारचा लाँग रनचा वेळ मात्र सोडू नकोस म्हणाला, तेवढाच वेळ सायकल मार किंवा पोह. रोजचा व्यायाम म्हणजे पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच अगदी सावकाश खाली सोडायची आणि तितक्याच सावकाश वर घ्यायची. कंटाळवाणं आहे पण गुण त्यानेच आला. नंतर चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं सुरू केलं आणि रेसही तशीच पूर्ण केली. मी अनाथाश्रमातल्या मुलांच्या शिक्षणासाठी धावत होतो, एकाही देणगीदाराने टायमिंग विचारलं नाही.

*

मी नर्स आहे, नाइट ड्युटी करून धावते. मागच्या वर्षी तयारी छान चाललेली आणि अचानक पाय जड, वेग कमी, नुसती चिडचिड. रिपोर्ट काढला तर हिमोग्लोबिन साडेनऊ आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तर तळाला. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तिच्या आसपास अजिबात नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, म्हणून मी तर म्हणेन बायांनो शूजवर खर्च करायच्या आधी हे दोन रिपोर्ट काढाच. आणि डेंग्यूवाल्या ताई, प्लेटलेट वर आल्या म्हणजे ताकद आली असं नसतं हं. सकाळचा पल्स मोजत जा, नेहमीपेक्षा बराच जास्त असेल तर त्या दिवशी नुसतं चालायचं, आणि छातीत धडधड वाटली तर सरळ डॉक्टरांकडे.

*

लंडनहून लिहितोय. इथली मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते, लॉटरीत नंबर लागणं महाकठीण, म्हणून बरेच जण एखाद्या चॅरिटीकडून जागा घेतात आणि साधारण दोन हजार पौंड जमवायचा शब्द देतात. मी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, चालवणाऱ्या संस्थेची घेतली होती. फेब्रुवारीत कोल्हापुरात बाबा गेले. तेराव्यापर्यंत घरीच होतो, पहाटे रंकाळ्याला नुसता चालून यायचो, धावायची इच्छाच नव्हती. संस्थेला कळवलं तर ते म्हणाले पुढच्या वर्षी धावा, काही घाई नाही. पण आईनेच विचारलं, अरे ज्यांच्या घरी असं माणूस अंथरुणावर आहे त्यांच्यासाठीच धावतोयस ना, मग जा की. परत आलो तेव्हा ऐन महत्त्वाचे आठवडे निघून गेले होते, थेम्सच्या काठाने अंधारात आणि पावसात जेवढं जमलं तेवढं केलं, तीस किमीचा रन काही झालाच नाही. शर्टाच्या पाठीवर देवनागरीत बाबांचं नाव लिहिलं. टॉवर ब्रिज अर्ध्याच्या जरा अलीकडे येतो, तिथपर्यंत धावलो, पुढे कॅनरी व्हार्फला बराच चाललो, एका म्हाताऱ्या गुजराती काकांनी नाव वाचून हाक मारली तेव्हा रडू आवरलं नाही. पूर्ण केली.

*

मी साताऱ्याची आणि मी धावलेच नाही, तेही लिहायला हवं. हिल हाफच्या तयारीत नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, यवतेश्वरचा घाट म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार, उतारावर पाय पार मोडला असता. पैसे दिलेल्या प्रत्येकाला फोन केला, परत हवेत का विचारलं. कुणीच मागितले नाहीत, करसवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती तेवढी वेळेत दे म्हणाले. पैसे संस्थेला पोचलेले असतात, आपण धावलो की नाही त्यावर मुलांची फी अडत नाही. रेसच्या दिवशी घाटात पाणी वाटायला उभी होते.

*

सगळ्यांना मनापासून थँक्यू. ठरलं, डॉक्टरांनी हो म्हटलं तर चाल-धाव करूनच करणार आणि पेडर रोडचा चढ पूर्ण चालत. डॉक्टर नाही म्हणाले तर सातारच्या ताईंसारखे फोन करेन. नर्सताई, पल्स चहाआधी मोजायचा ना?

*

चहाआधी काय, अंथरुणातून उठायच्याही आधी. आठवडाभराचे आकडे लिहून ठेव, मग बोलू.