मदत हवी आहे: ५०० वॅटच्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) नवीन ग्राफिक्स कार्ड चालेल का? (तातडीचं)

कोयनाकाठ: काल पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन कार्ड आणलं. दोन लग्नांचं एडिटिंग अडकलंय, रविवारी पार्टीला द्यायचंय. एसएमपीएस ५०० वॅटचा आहे. उद्या सकाळी बसवू की नको, एवढंच सांगा.

सोल्डरगन: कार्ड कोणतं? प्रोसेसर कोणता? आणि ५०० हा आकडा कुठे वाचलात?

कोयनाकाठ: आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. प्रोसेसर आय५ १०४००. एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच आला होता, कॅबिनेटच्या खोक्यावर ५०० लिहिलंय.

मोकळा_वेळ: बिनधास्त बसवा ताई. माझाही कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे. त्यावर १०५० टीआय चार वर्षं चालतंय, एकदाही बंद पडलं नाही.

सोल्डरगन: १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि वरून ८ पिनची वायर जोडावी लागते. दोन्हींची तुलनाच होत नाही. ताई, खोक्यावरचं सोडा. झाकण उघडा आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२V खाली किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

चिंचबन: आधी यूपीएस बघा. आमच्याकडे दिवसातून चारदा लाईट जाते. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो. रेंडर चालू असताना लाईट गेली की सगळं बसलं.

सोल्डरगन: मुद्दा बरोबर आहे, पण त्यांनी यूपीएसचं विचारलेलं नाही.

चिंचबन: विचारलं नाही म्हणून लाईट जायची थांबते का?

जुनं_ते_सोनं: कार्ड परत करा आणि ३०५० चं ६ जीबीवालं घ्या. ७० वॅटचं आहे, वेगळी वायरच लागत नाही, एसएमपीएसला हात लावायचं कारण नाही. मी तिघांना हेच बसवून दिलंय.

कोयनाकाठ: परत घेत नाहीत. आणि १२ जीबीसाठीच घेतलंय, फोर-के टाइमलाइनवर चार क्लिपांना ग्रेडिंग (रंग सुधारणं) केलं की मेमरी संपल्याचा मेसेज येतो.
झाकण उघडलं. धूळ पुसून मोबाईलच्या उजेडात वाचलं: +१२V च्या खाली १८A. ८ पिनची वायर नाहीये. दुकानदाराने एक जोड दिलाय, दोन मोलेक्स (जुन्या हार्डडिस्कला लागायचे ते ४ पिनचे प्लग) एकीकडे आणि ८ पिन दुसरीकडे. तो लावला तर चालेल ना?

सोल्डरगन: नको, अजिबात नको. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, तुमच्या एसएमपीएसची १२ व्होल्टवरची ताकद एवढीच. कार्ड १७० घेणार. प्रोसेसरवर ६५ लिहिलेलं असलं तरी जोरात चालताना तो १३४ पर्यंत जातो. झाले ३०४, म्हणजे २५ अँपिअर, आणि पंखे, हार्डडिस्क वेगळ्याच.
आता तो जोड. ८ पिनमधून १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपिअर जाऊ शकतात. मूळ ८ पिनला त्यासाठी १२ व्होल्टच्या तीन पिवळ्या वायरी असतात. तुमचे दोन्ही मोलेक्स एकाच माळेवर असतील, तर सगळा भार एका पिवळ्या वायरीवर येतो. असा वितळून काळा पडलेला मोलेक्स मी स्वतः कापून काढलाय.

मोकळा_वेळ: मग प्रोसेसरची ८ पिन आहे की, तीच लावायची.

सोल्डरगन: कृपा करून असलं काही सुचवू नका! प्रोसेसरची वायर ४+४ पिनची, कार्डाची ६+२ पिनची. दोन्हींत पिवळ्या-काळ्या वायरींची बाजू उलटी असते. जोर लावून बसवली तर शॉर्ट होईल.

मोकळा_वेळ: बरं, हे माहीत नव्हतं. बिनधास्त बसवा म्हणालो ते मागे घेतो.

कोयनाकाठ: मग किती वॅटचा घेऊ? इथे कराडात एकाकडे ६५० चा आहे, ८० प्लस ब्राँझ.

सोल्डरगन: ३०६० साठी एनव्हिडिया ५५० सांगते, त्यामुळे ६५० पुरेसा. पण ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा शिक्का, बाकी दर्जाची हमी नाही. +१२V वर ४५ अँपिअरच्या पुढे आहे ना आणि ६+२ ची वायर आहे ना, हे स्टिकर बघूनच पैसे द्या.

जुनं_ते_सोनं: आणि कार्डाची लांबी मोजली का?

कोयनाकाठ: आत्ता मोजली. हार्डडिस्कचा पिंजरा दोन बोटं आड येतोय, पण तो चार स्क्रूंवर आहे, काढते. एसएमपीएस उद्या अकराला दुकान उघडलं की आणते. तोवर प्रॉक्सी (एडिटिंगसाठी क्लिपांच्या हलक्या प्रती) बनवायला लावल्यात.