चार भोकं आणि तिसऱ्या दिवशी घरी?

दापोलीकर : चिपळूणच्या एका शिबिराचा फलक इथे कौतुकानं फिरतोय : 'गर्भाशयमुखाचा कॅन्सर? चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी!' पित्ताशय आहे का हे, दुर्बिणीनं झटपट काढायला? २०१८ची एलएसीसी चाचणी विसरलात वाटतं : या कॅन्सरसाठी गर्भाशय काढायला दुर्बीण बरी की पोट उघडणं. ६३१ बायका, चिठ्ठ्या टाकून दोन गट. साडेचार वर्षांनी रोगमुक्त : पोट उघडून ९६.५ टक्के, दुर्बिणीनं ८६.

थिएटर_दोन : आकडे सगळ्यांना पाठ आहेत, कारण बोला. मॅनिप्युलेटर, म्हणजे गर्भाशय हलवायला योनीतून घालतात तो दांडा, त्याचं टोक गाठीतूनच आत जातं. वर गॅसचा दाब, आणि योनी पोटातून कापली की पेशी मोकळ्या. मॅनिप्युलेटर टाळा, कापण्याआधी खालून योनी शिवून गाठ बंद करा. युरोपच्या सक्कॉर अभ्यासात असं केलेल्यांचे निकाल उघड्या शस्त्रक्रियेच्या जवळ आले. शिकाऊ हात वेगळे, मुरलेले वेगळे.

दापोलीकर : सक्कॉर म्हणजे जुन्या फायली चाळणं. आणि 'शिकाऊ' कुणाला म्हणताय? एलएसीसीत शिरायला किमान १० केसेस आणि दोन न कापलेले व्हिडिओ द्यावे लागत होते.

सिस्टर_गुहागर : टाक्यांवरच भांडा दोघं. लघवीची नळी कोण सांभाळणार? रॅडिकल म्हटलं, म्हणजे गर्भाशयासोबत आजूबाजूचा भागही काढला, की मूत्राशयाच्या नसा दुखावतात, भोकं असोत वा चीर. नळी काढली, बाईनं लघवी केली, की लगेच उरलेली मोजायची. १००-१५० मिलीच्या वर उरली तर नळी परत. ते होण्याआधीच घरी धाडलेली बाई एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसते. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाते आणि हुडहुडी भरून ताप. नळीला पीळ पडला की पोट फुगतं, बाजूनं गळायला लागतं. घरच्यांना वाटतं टाका सुटला.

कुडाळचो : आधी रस्तो करा, मगे भोकां मोजा! हायवेच्या खड्ड्यांत टाके टिकतत होय?

थिएटर_दोन : विषय काय, चाललंय काय! हायवेचा वेगळा धागा काढा.

सिस्टर_गुहागर : का? पेशंट हेलिकॉप्टरनं जाते वाटतं? डिस्चार्ज कार्डावर नळी कधी, कुठे काढायची हे लिहायला दोन ओळी लागतात. त्याही नसतात.

मिऱ्या_बंदर : २०२४ची शेप चाचणी, साधी विरुद्ध रॅडिकल, कुणीच काढली नाही. ७०० बायका, गाठ २ सेंमीपर्यंत, खोली १० मिमीच्या आत. साध्या हिस्टरेक्टॉमीनंतर (आजूबाजूचा भाग न काढता गर्भाशय काढल्यावर) तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतला २.५२ टक्के, रॅडिकलनंतर २.१७. लघवी तुंबण्याचा त्रासही साध्यात कमी. सिस्टरचं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

दापोलीकर : बरं बाबा. २ सेंमीच्या आत, एमआरआय हातात, मॅनिप्युलेटर नाही, तर साधी दुर्बिणीनं करा. त्यावर गाठ गेली की पोट उघडायचं. आणि संमतीपत्रात ८६ आणि ९६.५ दोन्ही छापा, मराठीत, सहीच्या वर.

थिएटर_दोन : छापतो. तुम्हीही पोट उघडल्यावर रक्त किती जातं ते छापा.