विश्वाचे आभार झाले, आता कचऱ्याच्या डब्याचं बोला

(गोव्यात पर्वरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

प्रभाकाकू, ए-१०१: सुप्रभात मंडळी. डोळे उघडताच विश्वाचे आभार माना, दिवस सोन्याचा होईल 🌸

संदेश, सी-२०४: 🙏🙏

सी-४०१: 🙏

मिलिंद, सेक्रेटरी: सुप्रभात काकू. विश्वाचे मानूच, पण काल कुणीतरी ओल्या कचऱ्याच्या पिशवीत फुटका ग्लास टाकला होता. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंचा अंगठा कापला. ग्लास कुणाचा ते विचारत नाही, उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे.

प्रभाकाकू: अगबाई! इंजेक्शन दिलं ना?

मिलिंद: दिलं. आज त्या जागी त्यांची बहीण आलीय.

वैशाली, बी-३०२: काकूंच्या सुविचारावर पहिला कचरा मिलिंदनेच टाकला 😄 पण मुद्दा बरोबर आहे. माझं समुपदेशनाचं काम, त्यामुळे कृतज्ञतेच्या वह्या रोज बघते. एमन्स आणि मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास आहे. त्यातल्या एका गटाने आठवड्यातून एकदाच, असे दहा आठवडे, ज्यांबद्दल आभार वाटावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा ते जास्त समाधानी निघाले. २००५ साली सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, वर प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचं. मला ती ‘का’ची अट फार आवडते. ‘आज पाव मऊ होता’ एवढ्यावर सुटका नाही, पाववाला पोदेर कितीला उठला तिथपर्यंत जावं लागतं.

रमाकांतकाका, ए-३०३: वही कशाला पाहिजे? आमच्या दिवाडी बेटावर फेरीबोटीतून उतरताना म्हातारी माणसं खलाशाला ‘देव बरें करूं’ म्हणूनच पाय खाली ठेवायची. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, तरी. आता सगळे मोबाईलमध्ये बघत उतरतात.

निखिल, बी-१०२: मी डिलिव्हरीवाल्यांना नेहमी पाच स्टार देतो हां काका.

वैशाली: आणि लोकेशन मागच्या बंद गेटचं देतोस. परवा भर पावसात तो मुलगा पूर्ण वळसा घालून आला.

निखिल: पिन आपोआप तिथे पडतो ताई.

वैशाली: बोटाने सरकवला की सरकतो.

अनिरुद्ध, सी-१०३: स्पष्ट बोलतो. ऊठसूट थँक्यू म्हणणं मला नाटकी वाटतं. आपल्याकडे आईने वाढलेल्या ताटाचे आभार कोण मानतं?

प्रभाकाकू: खरंय. माझ्या सासूबाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण भांडी घासायला येणारी उपाशीपोटी घरी गेली असंही कधी झालं नाही. तिचं ताट आधी झाकून ठेवायच्या, मग आम्ही बसायचो.

मिलिंद: जेवणाचं झालं, आता पगाराचं बोलू. वॉचमनचा पगार दर महिन्याला लांबतो, कारण काही फ्लॅटचा मेंटेनन्स थकलाय. त्यातले दोघे आजच सकाळी 🙏 टाकून गेलेत.

निखिल: 😂😂😂

सुजाता, बी-२०१: विषय निघालाच आहे तर सांगते. काल मुंबईहून आलो, थिवीला उतरेपर्यंत गाडी चांगलीच लेट. डब्यात सगळे रेल्वेच्या नावाने शंख करत होते, आमचे हे धरून. मी दारापाशी उभी होते. रत्नागिरी सोडल्यावर डोंगर कापून केलेल्या एका कटिंगमध्ये गाडी अगदी हळू झाली. बाहेर रेनकोटातला एक माणूस, हातात बत्ती, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. अख्खी गाडी पुढे जाईस्तोवर भिंतीला पाठ लावून उभा होता. पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवते आणि दरडीच्या जागी ही माणसं रात्रंदिवस गस्त घालतात. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग आहे, दरड कुठे उतरेल याचा नेम नाही. आणि आमच्याच डब्यातून एकाने वेफर्सचा रिकामा पुडा बाहेर भिरकावला, बहुतेक त्याच्याच अंगावर. मग मी आणि शेजारच्या आजींनी सगळ्यांचे पुडे एका पिशवीत भरले आणि थिवीला कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्या माणसाला कळणारही नाही, पण त्याच्या वाटेत तेवढाच कचरा कमी.

रमाकांतकाका: बरं केलंस बाय.

संदेश: आमचे कोल्हापूरचे पाहुणे गेल्या आठवड्यात कळंगुटला जीवरक्षकाशी हुज्जत घालत होते. लाल झेंडा लावलेला, तो शिट्टी फुंकून दमला, आणि मेव्हणे म्हणतात, आम्ही पंचगंगेत पोहलेली माणसं.

रमाकांतकाका: पंचगंगेला भरती-ओहोटी नसते म्हणावं. २००८ पासून हे जीवरक्षक आपल्या किनाऱ्यांवर आहेत. पाहुण्यांना सांग, शिट्टी ऐकली की मुकाट पाण्याबाहेर यायचं, तुमचं थँक्यू त्याला पोचलं.

संदेश: शेवटी आले बाहेर. बायकोने ओढून आणले.

अनिरुद्ध: हे मला पटतं. समोरच्याचं काम हलकं करा, तोंडाने म्हणा किंवा नका म्हणू.

प्रभाकाकू: तोंडाने म्हटलं तर काय झीज होते का रे?

मिलिंद: बरं, कामाचं. फुटकी काच जुन्या पेपरात गुंडाळायची, दोरी बांधायची, वर मार्करने ‘काच’ लिहायचं आणि गेटजवळच्या निळ्या खोक्यात ठेवायची. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी चालणार नाही. आपला ओला कचरा साळगावच्या प्रकल्पात जातो, २०१६ पासून तिथे त्याचा बायोगॅस करून वीज काढतात. आपण पिशवीसकट टाकलं की ती सोडवायला कुणाला तरी हात घालावा लागतो. बाईंना जाड हातमोजे सोसायटीच्या खर्चातून आणतोय, कुणाची हरकत?

वैशाली: हरकत कसली. दोन जोड आण, एक ओला होतो. अंगठा बरा होईपर्यंतचे त्यांचे पैसेही कापू नका.

मिलिंद: कापणार नाही.

प्रभाकाकू: जुने पेपर माझ्याकडे ढीगभर आहेत, न्या.

संदेश: मिलिंद, मेंटेनन्स भरला. पावती ग्रुपवर टाकू नकोस.

मिलिंद: नाही टाकत. दुसरे अजून ऑनलाइन दिसतायत.