चार दिवसांत हांगझोऊला बेशिस्त ठरवू नका

हांगझोऊकर
रानवाटा यांनी काल हांगझोऊबद्दल लिहिलं: 'सायकली, स्कूटर, माणसं, सगळी एकमेकांच्या अंगावर. चीन आपल्याइतकाच बेशिस्त, फक्त रस्ते रुंद.' वेस्ट लेकच्या काठी चार दिवस राहून हा निकाल! मी तिथे सहा वर्षं रोज सायकलने ऑफिसला गेलो, म्हणून लिहितोय.

मोठा रस्ता आठवा. मोटारी आणि सायकली यांच्यामध्ये झाडांचा पट्टा नाहीतर लोखंडी कठडा असतो. पलीकडची वाट सायकलींची, तीन जण गप्पा मारत जातील एवढी रुंद. चौकात सायकलवाल्यांसाठी छपरं आहेत. पावसात सिग्नलला त्या छपराखाली पन्नाससाठ जण उभे, प्रत्येकाचा पाँचो पार हँडलवरून पुढे पसरलेला, त्याच्या टोकावरून पाणी ठिबकतंय. हिरवा झाला की सगळे एकदम निघतात. मी त्यात सहा वर्षं होतो, कुणाचं हँडल मला लागलं नाही. झेब्रावर माणूस दिसला की तिथली बस थांबते, आणि त्यासाठी हे शहर चीनभर ओळखलं जातं. 2008पासून सरकारी सायकली आहेत, पहिला तास फुकट. हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

रानवाटा
छपरं पाहिली. तिथपर्यंत पोचताना काय झालं ते लिहिलं होतं, ते तुम्ही सोडून दिलंत. सत्तरीची आई बरोबर होती. आम्हाला चालायचा हिरवा दिवा असताना उजवीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येत होत्या. लाल दिव्यालाही उजवं वळण मोकळं, आपल्या फ्री लेफ्टसारखं. त्यातून वाचलो तर उलट्या दिशेने ई-बाइक, आवाज शून्य. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तुम्ही सायकलवरून शहर पाहिलंत, आम्ही पायी.

वैतागलेली
रानवाटांशी शंभर टक्के सहमत. मी शांघायला पाच वर्षं काढली. हांगझोऊकर, तुमच्या त्या वाटेवर आता सायकली उरल्यात किती? सगळ्या ई-बाइकच. फुटपाथवर मुलीचा हात धरून चालले होते, मागून जेवण पोचवणारा आला, आरशाचा फटका माझ्या कोपराला बसला. तो थांबलाही नाही. दोन महिने हात वर जात नव्हता. याला सायकलसंस्कृती म्हणायचं?

चक्रधर
ई-बाइकला सरसकट शिव्या नकोत. एप्रिल 2019मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय मानकाने वेग ताशी 25 किलोमीटर आणि वजन 55 किलोपर्यंत ठरवलं होतं. कायद्याने ती बिगरमोटार वाहन, म्हणून सायकलच्या वाटेवर. ग्वांगझोऊने 2007पासून मोटारसायकली बंद केल्या, इतरही बऱ्याच मोठ्या शहरांत बंदी किंवा निर्बंध आहेत. मग ज्याला मोटार परवडत नाही त्याने पंधरा किलोमीटरवरच्या कामाला जायचं कसं? आणि जेवण पोचवणाऱ्या त्या पोराला प्रत्येक ऑर्डरला मिनिटं मोजून दिलेली असतात. राग त्याच्यावर का?

वैतागलेली
माझा हात मोडता मोडता वाचला आणि तुम्ही मला मानक ऐकवताय! वेगाचं लॉक काढून घेणारे आमच्याच गल्लीत होते. बॅटरीचं काय? फेब्रुवारी 2024मध्ये नानजिंगला तळमजल्यावर, ई-बाइक ठेवायच्या जागी आग लागली आणि इमारतीतली 15 माणसं गेली. आमच्या जिन्यात शेजारी चार्जिंग लावायचे. मी भांडले तर माझंच नाव 'भांडकुदळ'. रात्री झोप लागायची नाही.

चक्रधर
जिन्यातल्या चार्जिंगबद्दल तुमचं बरोबर आहे. एवढंच.

जुना_पुणेकर
पुणे हेच मूळ सायकलींचं शहर होतं, ते विसरू नका. वडील डबलसीट घेऊन डेक्कनला जायचे. 2018च्या सुमारास अ‍ॅपवरच्या सायकली आल्या, दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. आमच्या पुलाखाली एक सीट नसलेली कितीतरी दिवस पडून होती.

हांगझोऊकर
पुण्याचा वेगळा धागा काढा, कृपा करा. आणि अ‍ॅपच्या सायकलींचे ढीग चीननेच आधी पाहिलेत. ओफो ही अ‍ॅपवरच्या सायकलींची कंपनी बुडाली तेव्हा 2018च्या डिसेंबरात बीजिंगला लोक अनामतीचे 199 युआन परत घ्यायला थंडीत रांगेत उभे होते. हांगझोऊच्या सरकारी सायकली त्याच्या दहा वर्षं आधीच्या आणि त्यानंतरही टिकल्या, कारण त्यांना ठरलेले स्टँड होते.

वैतागलेली
म्हणजे माझ्या हातावर तुमचं काहीच म्हणणं नाही. पुरुषांनी हँडलवर बसून शहराचं कौतुक करायचं, मुलं सांभाळत फुटपाथने आम्ही चालायचं.

हांगझोऊकर
हे मला लागलं. बरं, ऐका. तिसऱ्या वर्षी उजवीकडे वळणाऱ्या ट्रकने मलाही कडेला दाबलं होतं. गुडघा फुटला, घरी सांगितलं नाही. उजव्या वळणाबद्दल रानवाटा बरोबर आहेत, फुटपाथवर येणाऱ्या ई-बाइकबद्दल तुम्ही, वैतागलेली. पण 'आपल्याइतकाच बेशिस्त' हे वाक्य मी मान्य करणार नाही. कठड्याच्या आत मी रोज अठरा किलोमीटर केले. तेवढे मी इथे कात्रजहून करून दाखवू शकत नाही, बायको जाऊच देत नाही.

रानवाटा
'आपल्याइतकाच' मागे घेतो, बाकी लेख तसाच राहील. ऑक्टोबरात परत जातोय. तळ्याभोवतीचा रस्ता सायकलने करायचा तर सकाळी कितीला निघू? आई बसनेच येईल.

हांगझोऊकर
सहाच्या आत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, सरकारी सुट्टी असते, तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते.