पर्यावरणाच्या नावाखाली शेतकऱ्याला दिलेला पैसा: नाव दिसतं, काम का दिसत नाही?

नदीकाठचा: अमेरिकेत जमीन पडीक ठेवायला सरकार शेतकऱ्याला भाडं देतं, सीआरपी म्हणतात, १९८५ च्या फार्म बिलापासून, म्हणजे तिथल्या शेतीच्या कायद्यापासून, चालू आहे. १० ते १५ वर्षांचा करार, गवत नाहीतर झाडं लावायची, पीक घ्यायचं नाही. ईडब्ल्यूजी या पर्यावरण संस्थेच्या साइटवर कुणाला कुठल्या वर्षी किती डॉलर मिळाले ते नावागावासकट दिसतं. पण त्या पैशात कुठल्या शेतात काय केलं ते कुठेच सापडत नाही. मुद्दाम लपवलंय का?

कागदीघोडा: हो, आणि तेही कायद्यानं. २००८ च्या फार्म बिलातलं कलम १६१९ बघा. योजनेसाठी शेतकऱ्यानं दिलेली जमिनीची, शेतीच्या पद्धतीची माहिती, शेताच्या हद्दीचे नकाशे, काहीच कृषी खात्याला बाहेर देता येत नाही. पैसे कुणाला किती दिले एवढं मात्र त्यातून वगळलंय. तेही कुणी सुखासुखी दिलेलं नाही, १९९६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कापसाच्या सबसिडीवरून कोर्टात भांडला आणि जिंकला, मग २००१ मध्ये ईडब्ल्यूजीनं सगळ्या याद्या ऑनलाइन टाकल्या.

बांधावरून: शेतकऱ्याचा नकाशा जगाला कशाला हवा पण? उद्या औषध कंपनीचा सेल्समन दारात उभा. युरोपात तर २०१० मध्ये कोर्टानं शेतीचं अनुदान घेणाऱ्या माणसांची नावं सरसकट छापणंच रद्द केलं होतं. नंतर नियम बदलून नावं परत आली, फक्त छोट्या रकमावाले वगळून.

आकडेमोड्या: नेमकं इथंच घोडं पेंड खातं, दोन्हीकडे भांडण नावावरच चाललंय. आयोवातल्या मक्याच्या रानातलं नायट्रेट मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि दर उन्हाळ्यात तिथलं खोल पाणी ऑक्सिजनविना मरतं, हे थांबावं म्हणून ओढ्याच्या कडेला गवताचे पट्टे लावायला पैसे देतात. आता तो पट्टा खरंच ज्या ओढ्याला गरज आहे तिथं आहे की जिथं तसंही पीक येत नव्हतं तिथं, करार संपल्यावर नांगर फिरला का, यातलं काहीच यादीतून कळत नाही. ईक्विपचं, म्हणजे शेतातल्या पर्यावरणाच्या कामांना पैसे देणाऱ्या दुसऱ्या योजनेचं, तर विचारूच नका, एकानं शेणाच्या खड्ड्यासाठी घेतले, दुसऱ्यानं पीक काढल्यावर जमीन झाकायला आच्छादन पेरलं, यादीत दोघांचा नुसता डॉलरचा आकडा. त्यात नावाच्या जागी एखादी एलएलसी, म्हणजे खाजगी कंपनी, असली की मागे कोण बसलंय ते शोधत बसा. म्हणजे शेजाऱ्याला उखाळ्यापाखाळ्या काढायला भरपूर मसाला, आणि पाणी सुधारलं का हे विचारणाऱ्याच्या हातावर तुरी.

बांधावरून: बरं, मग नाव झाकून काम दाखवा ना, त्याला माझी ना नाही.

कागदीघोडा: त्याला १६१९ पण आडवं येत नाही, कुणाचं शेत ओळखू येणार नाही अशी एकत्र केलेली आकडेवारी देता येते. काऊंटीवार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, मिळतेच. पण पाणी काऊंटीची हद्द बघून वाहत नाही, म्हणून ओढ्याच्या पाणलोटावार मागा.

नदीकाठचा: ओके, पाणलोटावार कुठली कामं किती एकरावर, एवढंच मागतो. नावं नकोत.