मदत हवी आहे : टर्मिनल सर्व्हरवरून कन्सोल उघडत नाही, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर येते

लाल_डबा
घरच्या नेटवर्किंग लॅबमधल्या सहा उपकरणांसाठी दर वेळी खाली वाकून कन्सोल केबल (उपकरणाला थेट आदेश देण्याच्या पोर्टात घालायची केबल) एकातून काढायची आणि दुसऱ्यात घालायची, याला कंटाळून मी गेल्या शनिवारी एक जुना टर्मिनल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या कन्सोलला कायम जोडून ठेवायचे आणि एकाच जागेवरून कोणताही कन्सोल उघडून देणारे यंत्र, विकत घेतला. सर्व जोडणी व्यवस्थित केलेली आहे. पहिली तीन उपकरणे त्या रात्री उत्तम चालली. सकाळी पाहतो तर तिन्हींवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड बाय रिमोट होस्ट’ असे उत्तर येऊ लागले. उरलेल्या तिघांवर ‘ओपन’ असे दिसते, पण पडदा कोराच राहतो आणि कितीही वेळा एंटर दाबले तरी काहीही उमटत नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, त्यामुळे ‘आधी शोधून पाहा’ असे कृपया कोणी लिहू नये. शोधून झाले आहे.

रात्रपाळी
टर्मिनल सर्व्हर कोणता आहे, त्याला कोणती केबल लावली आहे, पलीकडे कोणती उपकरणे आहेत आणि लाइनवर, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक कन्सोल जोडणीवर, कोणते आदेश दिले आहेत, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. लाइनींची स्थिती दाखवणाऱ्या ‘शो लाइन’ या आदेशाचे उत्तरही येथे द्यावे.

आभासी_मी
हा सगळा खटाटोप कशासाठी चालला आहे, हे मला खरोखर समजलेले नाही. १६ जीबी रॅमच्या संगणकावर ईव्ह-एनजी किंवा जीएनएस३ ही आभासी राउटर चालवणारी आज्ञावली बसवली, की राउटरच्या चित्रावर दोनदा क्लिक करताच कन्सोल उघडतो. लोखंड गोळा करण्याचे दिवस संपले.

खोपोली_लोकल
आभासी_मी यांच्याशी मी सहमत नाही, कारण केबल, वेग आणि पासवर्ड यांचे घोळ हातांनी निस्तरल्याशिवाय समजत नाहीत. मात्र त्यासाठी जुना टर्मिनल सर्व्हर घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. माझ्याकडे एक रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे, त्याला यूएसबी हब, हबाला एफटीडीआय चिपच्या सहा यूएसबी-कन्सोल केबली आणि वर कन्सोल नेटवर्कवर उघडून देणारी सेर-टू-नेट ही आज्ञावली. प्रत्येक केबलीला एक पोर्ट क्रमांक दिला, की घरातल्या कोणत्याही संगणकावरून टेलनेट (नेटवर्कवरून जोडणी) करता येते. पंख्याचा आवाज नाही, विजेचे बिल नाही.

लाल_डबा
मी विचारले एक आणि येथे चर्चा भलतीच चालली आहे. टर्मिनल सर्व्हर सिस्को २५११ आहे. आणखी कोणता असणार? पलीकडे दोन २८११ राउटर, एक १८४१ राउटर आणि तीन ३५६० स्विच आहेत. लूपबॅकला (२५११च्या आतल्या आभासी इंटरफेसला) १०.१०.१०.१० हा पत्ता दिला असून २००१ ते २००६ या पोर्टांवर टेलनेट करतो. ‘लाइन १ १६’ खाली ‘ट्रान्सपोर्ट इनपुट टेलनेट’ एवढेच लिहिले आहे. ‘शो लाइन’मध्ये पहिल्या तीन ओळींच्या आरंभी तारांकन दिसते, खालच्या तिन्हींना दिसत नाही.

हिशेबनीस
२५११ चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला किती युनिट पडतात, हे कोणी मोजले आहे काय? मी स्वतः असाच एक घेण्याच्या विचारात आहे.

रात्रपाळी
४० वॅट धरले तरी दिवसाला एक युनिटसुद्धा होत नाही. बिल वाढवतात ते स्विच. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

लाल_डबा, त्या तारांकनातच तुमच्या पहिल्या तीन लाइनींचे उत्तर आहे. तारांकन याचा अर्थ ती लाइन या क्षणी वापरात आहे, आणि वापरणारे तुम्ही नाही. कन्सोलला जोडलेल्या अशा असिंक लाइनवर पलीकडून काही अक्षरे आली, की २५११ला वाटते कोणी माणूस मोडेमवरून आत येऊ पाहतो आहे, म्हणून तो त्या लाइनवर एक्झेक (आदेश घेणारे सत्र) सुरू करून आपला प्रॉम्प्ट (‘आदेश द्या’ असे सुचवणारी ओळ) पाठवतो. तुमच्या राउटरने रात्री केव्हातरी एखादा इंटरफेस वर-खाली झाल्याचा संदेश कन्सोलवर टाकला असेल. २५११ने त्याला प्रॉम्प्ट पाठवला, राउटरने तो प्रॉम्प्ट म्हणजे आदेश समजून ‘असा आदेश नाही’ असे कळवले, आणि २५११ने ते उत्तरही आदेश म्हणून वाचले. दोन बहिरे रात्रभर एकमेकांना ‘काय म्हणालात?’ असे विचारत बसावेत, तसे हे चालते. लाइन अशी अडकली, की तुम्ही टेलनेट करता तेव्हा नकारच मिळतो.

उपाय एका ओळीचा आहे. ‘लाइन १ १६’ खाली ‘नो एक्झेक’ लिहावे. ‘ट्रान्सपोर्ट इनपुट टेलनेट’ तसेच राहू द्यावे, कारण ते नसले तरी हाच नकार येतो. त्यानंतर ‘क्लिअर लाइन १’, ‘क्लिअर लाइन २’ असे एकेक देऊन, पुष्टीसाठी एंटर दाबून, अडकलेल्या लाइनी मोकळ्या कराव्यात. आणि कॉन्फिगरेशन जतन करण्यास विसरू नये.

उरलेल्या तीन लाइनींचा आजार वेगळा दिसतो. तेथे तारांकनच नाही, म्हणजे पलीकडून एकही अक्षर २५११पर्यंत पोहोचलेले नाही. मला केबलचा संशय येतो.

लाल_डबा
जोडणी बरोबर आहे, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते.

रात्रपाळी
तेथे ‘व्यवस्थित’ असे लिहिले होते. त्या तिघांना कोणती केबल लावली आहे, ते लिहावे.

लाल_डबा
ऑक्टल केबलच. आठ टोकांची जी सोबत येते, तीच. फक्त स्विचांचा आवाज घरच्यांना सहन होत नसल्यामुळे तिन्ही स्विच बाल्कनीजवळच्या कपाटात ठेवले आहेत आणि ऑक्टलची टोके तेथपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून कपलर (दोन केबली जोडणारा तुकडा) लावून पुढे चपट्या कन्सोल केबली जोडल्या आहेत. कन्सोलला कन्सोल केबलच लागते ना?

खोपोली_लोकल
सापडला चोर.

रात्रपाळी
हे आधी लिहिले असते, तर काल रात्रीच काम झाले असते. ऑक्टल केबलची टोके आतूनच उलटवलेली असतात, म्हणजे रोलओव्हर तिच्यातच झालेला असतो आणि तिचे टोक थेट कन्सोलमध्ये घालायचे असते. चपटी कन्सोल केबलही रोलओव्हरच आहे. तिच्यात १ नंबरची तार ८वर, २ नंबरची ७वर, ३ नंबरची ६वर जाते. दोनदा उलटले, की पुन्हा सुलट झाले. पाठवण्याची तार ३वर आणि ऐकण्याची ६वर असते, त्यामुळे आता दोन्हीकडचे बोलणे एकाच तारेवर येऊन थडकते आणि ऐकण्याच्या तारेवर कोणीच बोलत नाही. चपट्या केबली काढून त्यांच्या जागी साध्या इथरनेट पॅच केबली लावाव्यात. कोणती केबल कोणती हे ओळखायचे असेल, तर दोन्ही टोके एकाच दिशेने शेजारी धरून पाहावीत; रंगांचा क्रम सारखा असेल तर साधी, नेमका उलटा असेल तर रोलओव्हर.

खोपोली_लोकल
रास्पबेरी पायवर असले काही होत नाही, एवढेच नोंदवतो.

रात्रपाळी
तेथे दुसरे होते. वीज जाऊन आली, की टीटीवाययूएसबी-शून्य आणि टीटीवाययूएसबी-तीन या केबलींना मिळालेल्या नावांची अदलाबदल होऊ शकते, हे तुम्ही नव्या माणसाला सांगितलेत काय?

खोपोली_लोकल
होते, हे मान्य. माझ्याकडून एकदा त्यामुळेच भलत्याच राउटरला ‘रीलोड’ (पुन्हा सुरू होण्याचा आदेश) दिले गेले होते. मात्र सेर-टू-नेटमध्ये ‘बाय-आयडी’ खालची, केबलच्या ओळखीवरून ठरणारी नावे वापरली, किंवा केबलच्या अनुक्रमांकावरून यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावे देणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहिला, तर नाव बदलत नाही. स्वस्त केबलींवर वेगळा अनुक्रमांकच नसतो. तेव्हा ‘बाय-पाथ’, म्हणजे हबाच्या भोकावरून ठरणारे नाव, वापरावे आणि हबाची भोके मग बदलू नयेत.

परदेशी_पाहुणा
कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबून सोडावे व मग एक्स दाबावे, म्हणजे सत्र न तोडता २५११वर परत येता येते. ‘आयपी होस्ट’ने २००१ला आर-१ असे नाव देऊन ठेवले, तर पोर्ट क्रमांक पाठ करण्याचे कारण उरत नाही.

लाल_डबा
‘नो एक्झेक’ दिल्यावर पहिली तिन्ही उपकरणे कालपासून अखंड चालू आहेत. पॅच केबली लावल्यावर चौथे आणि पाचवेही चालू झाले. रात्रपाळी साहेब, मनःपूर्वक आभार, आणि सुरुवातीच्या माझ्या सुराबद्दल क्षमस्व. आता सहाव्यावर अक्षरांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात.

रात्रपाळी
स्विच जुन्या बाजारातून घेतलेला असेल, तर आधीच्या मालकाने कन्सोलचा वेग ९६००वरून बदललेला असणार. केवळ ‘लाइन ६’ खाली ‘स्पीड १९२००’, मग ‘स्पीड ३८४००’ असे क्रमाने देऊन पाहावे.

लाल_डबा
१९२००वर स्वच्छ अक्षरे दिसली. पहिलीच ओळ ‘पासवर्ड’. तो आधीच्या मालकालाच ठाऊक असावा. तो ओलांडण्यासाठी टर्मिनल सर्व्हरवरून ब्रेक (सुरू होणाऱ्या उपकरणाला मध्येच थांबवणारा संकेत) कसा पाठवायचा?

परदेशी_पाहुणा
२५११वरून सत्र उघडले असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-६ नंतर बी.

रात्रपाळी
ती राउटरची रीत झाली. ३५६०ला ब्रेक लागत नाही. पुढच्या बाजूचे ‘मोड’ बटण दाबून धरून वीज लावावी लागते. म्हणजे कपाटापर्यंत चालत जाणे तुम्हाला याही वेळी चुकत नाही.